वाढवू का?

अख्ख्या दौंड तालुक्यात कॉम्प्युटरचा एवढा धसका कुणी घेतला नसेल आणि त्याला एवढा जीवही कुणी लावला नसेल, जेवढा आमच्या मामांनी. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घर भांडगावला, फोटो स्टुडिओ दौंडात. सारी हयात रोल धुण्यात घालवलेल्या या माणसाने दोन हजार सालानंतर कधीतरी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला आणि कोर्स केलेली घरचीच पोरगी म्हणून मला त्याच्यापुढे बसवलं. पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याची निगेटिव कुठं हाय?" निगेटिव्ह नसते, एक बटण दाबलं की फोटो गेला, असं मी सांगितल्यावर त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या नेऊन थेट दुकानाबाहेर ठेवला.

तिथून त्यांचे कायदे सुरू झाले. पुसलेली फाईल आधी कचरापेटीत जाते आणि चुकून पुसली असेल तर तिथून परत घेता येते, ही साऱ्या जगाला दिलासा देणारी सोय. मामांना ती ऐकूनच राग आला. "लोकांच्या आईबापाची तोंडं कचऱ्यात ठिवायची व्हय?" म्हणाले आणि ती सोय माझ्याकडून बंदच करून घेतली. मी कपाळाला हात लावला. म्हणजे आता पुसलं ते कायमचंच. त्यावर मामांचा उपाय असा की, पुसण्याआधी भर दुकानात मोठ्यानं तीनदा विचारायचं आणि थांबायचं. शेजारच्या सलूनमधून कधीकधी "असू द्या हो, राहू द्या" असा आवाज यायचा, मग तो फोटो कुणाचाही असो, राहायचा. एकदा मी गिऱ्हाइकांच्या गर्दीतून विचारलं, "मामा, आप्पांना उडवू का?" आणि आप्पांचे दोन्ही मुलगे बाकावरून ताडकन उठले. तेव्हापासून 'उडव' आणि 'डिलीट' हे शब्दही बंद. आपण नारळ वाढवतो, बाई बांगडी वाढवते, तशी फाईलही वाढवायची, असं ठरलं. शिवाय रोज संध्याकाळी दिवसभराचे फोटो फ्लॉपीत भरून, आत्याच्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून ते भांडगावला न्यायचे. "सगळं बी एका कणगीत ठिवत न्हाईत," म्हणायचे. मी पोट धरून हसायची.

एके दिवशी मांडवगण फराट्याच्या एक मावशी आल्या. त्यांचा मुलगा कुरकुंभला कामाला होता, काविळीनं गेला. त्याचा फोटो काय तो कंपनीच्या पासवरचा. पास परत करायचा होता, म्हणून आदल्या आठवड्यात मामांनी तो स्कॅन करून ठेवला होता. उद्या त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्यासाठी भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. मी त्या आठवड्यात सुट्टीवर होते, मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामा आत एका रडक्या पोराचा पासपोर्ट फोटो काढत होते. तिथूनच म्हणाले, "अगं, ह्या मावशींच्या पोराचा फोटू वाढव." फोटो मोठा करण्याला ते रोलच्या जमान्यापासून वाढवणंच म्हणत. कायदा स्वतः केला आणि स्वतःच विसरले. काही लोक काम झालं की आपला फोटो पुसायला लावत, तसंच असेल असं मला वाटलं. मावशींना मुलाचं नाव विचारून फाईल शोधली आणि रीतसर विचारलं, "वाढवू का?"

"व्हय की," मावशी म्हणाल्या.

"वाढवू का?"

"वाढव की बाई, त्याच्यासाठीच तर आले."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली, आणि मी बटण दाबून मोकळी झाले. मग त्या म्हणाल्या, "चांगला मोठा कर, लांबून दिसला पायजे."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. मामा बाहेर आले, माझं तोंड बघितलं, कॉम्प्युटरचा पडदा बघितला आणि काय ते समजले. "शब्द माझा, चूक माझी," एवढंच माझ्या कानाशी बोलले आणि मावशींकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमचा ल्योक माझ्या घरी हाय, भांडगावला. जातो आन् घिऊन येतो. तवर तुम्ही च्या घ्या." मावशी "बरं" म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या.

फ्लॉपी म्हणजे लहरी कारभार, उघडली तर उघडली. मामा येईपर्यंत मावशी मला मुलाबद्दल सांगत होत्या. पगार झाला की तो त्यांच्यासाठी केळी घ्यायचा आणि घरी पोचेपर्यंत निम्मी स्वतःच खायचा. मी हसत होते आणि दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होते. मामा धुळीनं माखून आले, खिशातली फ्लॉपी काढली आणि माझ्याच हातात दिली. ती करकरली, थांबली, पुन्हा करकरली आणि पडद्यावर तो आला. मी तो मोठा केला. मावशींनी पडद्यावरच त्याच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळला हुता गं," म्हणाल्या. मामा पाठ करून चष्मा पुसत राहिले.

आपला मुलगा त्या दुपारी दुसऱ्यांदा गेला होता, हे त्या माउलीला कधीच कळलं नाही. मामा तेव्हा माझ्यावर ओरडले असते, तर मी पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नसता. आज माझं घर त्याच्यावरच चालतं, आणि हे त्यांचे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत. गेल्या साली मामा गेल्याचा फोन आला, तशी मी हातातलं काम टाकून भांडगावला गेले. या खेपेला तिथून कुणाला घेऊन येता आलं नाही.