शरणम्माक्कांचं तोंड

शरणम्माक्का आमच्या शेजारच्या. अणदुरात आमची दोन घरं एका भिंतीची, त्यामुळं त्यांच्या घरातलं भांडं वाजलं तरी आमच्याकडं कळायचं. त्यांचे मालक श्रीशैल सर हायस्कुलावर शिक्षक. लग्न झालं तेव्हापासून शेत अक्कांच्याच गळ्यात. सरांचा जन्म वर्गात पंख्याखाली गेला, अक्कांचा बांधावर. सर दर रविवारी केसांना काळं लावायचे. अक्कांच्या डोळ्यांच्या कडांपासून पार कानापर्यंत रेघा गेलेल्या. चेहरा सैल पडला की त्या रेघांच्या तळाशी गोरी कातडी दिसायची. तेवढ्याच जागी ऊन पोचलं नव्हतं. अक्का सरांपेक्षा सहा वर्षांनी लहान, हे सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

त्यांच्या हर्षालीला बघायला लातूरची माणसं आली, त्या दिवशी मी मदतीला होते. अक्का पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेल्या. मुलाचे मामा चटकन उठले, त्यांच्या पाया पडले आणि सरांना म्हणाले, "तुमच्या आई अजून चांगल्या खणखणीत आहेत की हो. बसवा त्यांना खुर्चीवर."

सर हसले. म्हणाले, "त्या न्हाय बसायच्या. कामाची सवय हाय त्यांना."

एरवी सर अक्कांना 'ए' म्हणून हाक मारायचे. पुढं मुलीची आई कुठंय अशी विचारणा झाली आणि हर्षालीनं अक्कांकडं बोट केलं, तेव्हा मामा ओशाळले. सर पानाला चुना लावत बसले होते, ते तसेच बसले.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालताना अक्का मला म्हणाल्या, "त्या माणसाचा राग न्हाय मला. परका हाय, चुकला. पर ह्येनी मला 'त्या' म्हणलं गं."

लग्न दिवाळीनंतर धरलं. लेझरचं सरांनीच काढलं. "समद्या शाळेची माणसं येणार लग्नाला. आमच्यातल्या एका मॅडमनी सोलापुरात करून घेतलंय, सुरकुत्या जातात म्हणं," असं त्यांनी जेवताना सांगितलं. अक्का आधी लाजल्या. मग हर्षालीकडून मोबाइलवर आधीचे नि नंतरचे फोटो दोनदा बघून घेतले. मला म्हणाल्या, "तरणं व्हायचं न्हाय मला. लेकीच्या लग्नात आई दिसावं, बास."

श्रावण संपता संपता आम्ही तिघं सोलापूरला गेलो. डॉक्टरीण तरुण होती, पण नीट समजावून सांगणारी. लेझरनं वरची कातडी जाळून काढतात, खालून नवी येते. ती कोवळी असताना ऊन लागलं तर आपल्या रंगाच्या माणसांना काळे डाग पडतात. तिनं अक्कांना विचारलं, "उन्हातलं काम असतं का तुम्हाला?"

उत्तर सरांनी दिलं. "छे छे, घरीच असते ही."

"तीन महिने ऊन अजिबात नको. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी नुसतं क्रीम देते."

"ठेवतो की सावलीत," सर म्हणाले.

मी अक्कांकडं बघितलं. त्या टेबलावरच्या काचेकडं बघत होत्या.

तोंड बधिर करायला मलम लावलं, डोळ्यांवर चष्मा चढवला. बाहेर बसलेल्या मला केस जळल्यासारखा वास आला. त्या रात्री अक्कांचं तोंड एवढं सुजलं की डोळे उघडेनात. मग खपली धरली, आठवड्यानं ती गळाली आणि खाली गुलाबी, मऊ कातडी आली. रेघा पार गेल्या नव्हत्या, पण निम्म्यानं बुजल्या होत्या.

ते दिवस मी विसरणार नाही. अक्का दुपारी घरात असायच्या! पाय पसरून टीव्ही बघायच्या, जेवून तासभर झोपायच्या. एकदा मला म्हणाल्या, "दुपारी घरात एवढी शांतता असती व्हय गं? म्या कदी बघितलीच न्हाय." चेहऱ्यापेक्षा त्यांना ती सावलीच जास्त मानवली होती.

महिनाभरानं सोयाबीन कापणीला आलं. पावसाचा अंदाज होता. कर्नाटकातली मजुरांची टोळी मिळाली, पण टोळीवर देखरेखीला घरचं माणूस लागतं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"शाल गुंडाळून जा की. चार दिवसाचा तर प्रश्न हाय," सर म्हणाले.

"डॉक्टरीणबाई काय म्हणल्या, तुमी ऐकलंत न्हवं?"

"डॉक्टर लोक म्हणतच असतात. माझ्या परीक्षा चालू हायत. सोयाबीन भिजलं तर लग्न कशावर करू?"

अक्का गेल्या. मळणीचा धुरळा, घाम. शाल ओली होऊन कोवळ्या कातडीला चिकटायला लागली तशी त्यांनी ती काढून टाकली. दिवाळीपर्यंत दोन्ही गालांवर आणि कपाळावर करडे-काळे पट्टे उमटले, तव्याचे काळे हात तोंडाला पुसल्यागत.

लग्नात मेकअपवाल्या पोरीनं थरावर थर दिले. मांडवातल्या उकाड्यात ते राखेसारखे दिसायला लागले. कुटुंबाच्या फोटोला सर पुढं, जॅकेट घालून. फोटोग्राफर अक्कांना म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा मागच्या ओळीत या." सरांनी ऐकलं आणि नवऱ्या मुलाचा फेटा नीट करत राहिले.

लग्नानंतर परत सोलापूर. डॉक्टरणीनं चेहरा बघून कपाळाला हात लावला. "उन्हात गेला होता ना?"

"ऐकत न्हाय हो ही," सर म्हणाले. "शेताचं लई याड हिला."

अक्का तिथं पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवला नाही. "बाई, तुमी मला इचारलं हुतं, उन्हात काम असतं का. असतं. लगीन झाल्यापासनं असतं. ह्येनी न्हाय सांगितलं. आन् म्या बी गप बसले, कारण मला घरात ऱ्हायचं हुतं."

डॉक्टरणीनं कागद पुढं ओढला. क्रीम लिहून दिलं. फिकट होतील, पूर्ण जातीलच असं नाही, म्हणाली. सर येताना गाडीत एवढंच म्हणाले, "परक्यापुढं इज्जत घालवलीस."

दुसऱ्या दिवशी अक्का शेतात गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी आदळआपट केली, मग अबोला धरला, शेवटी शेत गावातल्या बिराप्पाला बटईनं, निम्म्या वाट्यावर, लावून टाकलं. नातेवाइकांत सांगतात, हिच्या नटण्यापायी शेत दुसऱ्याच्या हातात गेलं.

अक्का आता दिवसभर सावलीत असतात. पण पाय पसरून टीव्ही बघताना मला त्या परत दिसल्या नाहीत. सरांशी बोलणं जेवणापुरतं. डाग थोडे निवळलेत, कपाळावरचा तसाच आहे. हर्षालीचा नवरा पुण्याला नोकरीला, तिथून तिचा फोन येतो, "आई, व्हिडिओ लाव की, तोंड बघू दे." अक्का व्हिडिओ लावतात आणि फोन वर, पंख्याकडं धरून बोलत बसतात.