मामांनी दुरुस्त केलेलं विश्व

मोजणीवाल्या मामांना 'थोडं', 'जवळपास', 'बरंच लांब' हे शब्द सहन होत नसत. हसनाबादला त्यांच्या ओसरीवर कुणी "देऊळ जवळच आहे" म्हटलं, की सुपारी कातरता कातरता ते विचारत, "जवळ म्हंजे किती? पावलं सांगा." माझ्या आईचे हे थोरले भाऊ. शेतजमिनी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. लोखंडी साखळी ओढून तळहातांना पडलेले घट्टे निवृत्तीनंतरही गेले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्व मोजायला घेतलं. मिळेल ते वाचायचे. दर विज्ञान दिनाला गावच्या शाळेत त्यांचं भाषण ठरलेलं. "विश्वाचं वय तेराशे ऐंशी कोटी वर्षं. उजेड वर्षाला एक प्रकाशवर्ष चालतो. मंग आपल्याला चहूकडं दिसणार किती? तेराशे ऐंशी कोटी प्रकाशवर्षं. हिशेब बराबर!"

मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. दिवाळीला गेले असताना मामांनी हाच हिशेब कौतुकानं ऐकवला आणि मी बोलून गेले, "मामा, हे चुकलंय. ते अंतर चार हजार सहाशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास आहे."

मामांचा चेहरा उतरला. "आजवर माझी मोजणी कुणी खोडली न्हाई," एवढंच म्हणाले आणि फराळ तसाच ठेवून उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी मात्र तेच चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "सांग, कुठं चुकलो?"

मी म्हटलं, "आपल्याला दिसणारा सगळ्यात जुना उजेड जिथून निघाला, ती जागा तेव्हा आपल्यापासून फार लांब नव्हती. पण तो वाटेत असताना मधलं अंतराळच ताणत गेलं. तो जिथून निघाला, ती जागा आता मी काल म्हटलं तितकी दूर गेलीय."

मामांनी अंगणाकडे हात केला. "म्हंजे मी साखळी टाकून राह्यलो, अन् तिकडं वावरच वाढून राह्यलं!"

"हो."

"कमाल हाय!" मामा खळखळून हसले.

पण तेवढ्यावर भागलं नाही. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला त्यांनी आधीची भाषणं ऐकलेल्यांनाही शाळेत बोलावणं धाडलं. मीही गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, जुनं कुणाच्या ध्यानात आहे? नवा आकडा सांगून मोकळे व्हा." मामांनी ऐकलं नाही. नोकरीला लागलेली, लेकुरवाळी झालेली दहाबारा माणसं आली. त्यांच्यापुढे मामा उभे राहिले.

"मी तुम्हाला चुकीचं माप दिल्तं. माफी असावी."

मागून अंगणवाडीतली एक ताई उठली. "मंग बराबर किती, मामा?"

मामांनी तिलाच फळ्यापाशी बोलावून आकडा लिहायला लावला. एकेक शून्य मोठ्यानं मोजून घेतलं.

दुपारी मला बसला सोडायला आले. म्हणाले, "अन् जे दिसतच न्हाई, त्या पलीकडचं माप किती?"

"माहीत नाही, मामा. कुणालाच नाही."

"बिलकुल कुणालाच?"

"बिलकुल."

का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं. "आमच्या मोजणीच्या कागदावर 'माहीत न्हाई' लिहायची सोय नव्हती," ते म्हणाले. तेवढ्यात बस आली.

त्याच पावसाळ्यात मामा गेले. मी मामीला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "तुझा फोन आला का, पलीकडचं काही कळलं का, म्हणून इचारत व्हते."

अजून तरी काही कळलेलं नाही.