सात लिव्हरचं कुलूप

वडील गेल्यावर कुलूपकिल्लीचं काम शिकायला मी धुळ्याहून अमळनेरला काकांच्या टपरीवर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी सात लिव्हरचं जाडजूड कुलूप माझ्यासमोर आपटलं. "हे किल्लीशिवाय उघड, मग पुढचं शिकवतो." दोन महिने मी ते तारेने उकरत राहिले. बोटांना घट्टे पडले, कुलूप काही उघडेना. गिऱ्हाईक आलं की काका मुद्दाम विचारायचे, "उघडलं का गं?" आणि हसायचे.

शेवटी जळगावच्या बाजारात एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याला मी ते दाखवलं. तो चिडलाच. "नवशिक्याला हे देतात का? ज्याने दिलं त्याला तुला शिकवायचंच नाहीये." त्याने मला तीनच पिनांचं एक स्वस्त, ढिलं कुलूप दिलं. "यात आतली पिन जागेवर बसली की बोटाला कळतं. हे जमलं की चार पिनांचं घे."

परतीच्या एसटीत पारोळा यायच्या आत मी ते उघडलं. आनंद झाला नाही, डोकं भणाणलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कुलपं काकांपुढे ठेवली. "हे आधी का नाही दिलंत?"

"हाई बाईमानूसनं काम नई शे," ते म्हणाले.

"मग हे बाईचं काम नाही, असं आधीच तोंडाने सांगायचं होतं. दोन महिने लोकांसमोर माझं हसं केलंत!"

पुढचं काम मी जळगावच्या त्या म्हाताऱ्याकडून शिकले. आज धुळ्यात माझी स्वतःची टपरी आहे. काकांचे हात थरथरायला लागल्यावर त्यांनी सुनेला माझ्याकडे शिकायला पाठवलं. तिला मी सगळं शिकवलं. काकांशी मात्र अजून बोलत नाही.