भावजी आणि क्रियाविशेषणाची जागा

इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणाला कुठे बसवायचं, या एका प्रश्नापायी उभं आयुष्य खर्ची घातलेला भावजींसारखा माणूस पेडणे तालुक्यातच काय, खुद्द इंग्लंडातही दुसरा सापडणार नाही. सगळ्याच वाक्यांत त्यांना रस होता असंही नाही. 'रामाने आंबा खाल्ला' छापाची वाक्यं त्यांना पोरकट वाटत. त्यांचा जीव होता तो कर्मणी प्रयोगात, आणि त्यातही 'मस्ट', 'कॅन', 'शुड', 'मे' यांपैकी कुणीतरी पुढे उभं असलेल्या कर्मणी प्रयोगात. 'द वर्क मस्ट बी केअरफुली डन' हे वाक्य ते असं काही म्हणत, की भजनातले बुवा समेवर आल्यासारखे वाटावेत. हे गृहस्थ माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना भावजी म्हणायचो. मी डिचोलीला एका खाण कंपनीच्या कचेरीत नोकरीला होतो, त्यामुळे माझी नि भावजींची गाठ रविवारी पडे, आणि रविवार संपेपर्यंत माझं इंग्रजी थोडं सुधारून मी परत येई.

भावजी मूळचे पोर्तुगीज शिकलेले. सेगुंद ग्राव ही पोर्तुगीज शाळेची परीक्षा पास होऊन कुठेतरी कारकून व्हायचं, एवढाच त्यांचा बेत होता. तेवढ्यात गोवा मुक्त झाला, गावोगाव इंग्रजी शाळा निघाल्या आणि भावजींची पोर्तुगीज रातोरात निकामी झाली. दुसरा कुणी खचला असता. भावजी बेळगावला गेले, इंग्रजी घेऊन पदवीधर झाले आणि पेडण्याच्या हायस्कुलात मास्तर म्हणून उभे राहिले. बेळगावला कुणा प्राध्यापकाने म्हणे त्यांच्या एका वाक्यातलं क्रियाविशेषण उचलून दुसरीकडे ठेवलं, आणि तेवढ्याने वाक्य उजळलं. तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं. भाषा उशिरा मिळालेली माणसं ती फार जपून वापरतात, तसं असावं.

त्यांचा नियम सरळ होता. 'ऑलवेज', 'नेव्हर', 'प्रॉबेबली' ही मंडळी 'मस्ट'च्या किंवा 'कॅन'च्या मागोमाग उभी राहणार. काम कसं झालं ते सांगणारी 'केअरफुली', 'प्रॉपर्ली' मात्र 'बी'च्या पलीकडे, क्रियापदाच्या अंगाला लागून. फार तर वाक्याच्या शेवटी बसतील, पण 'मस्ट' आणि 'बी' यांच्या मध्ये शिरणार नाहीत. हे सूत्र त्यांनी पेडण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना घोकायला लावलं. मुलं त्यांना मागून 'मस्ट-बी सर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. "निदान 'मस्ट' आणि 'बी' जवळजवळ ठेवतात ना, मग झालं तर," असं ते म्हणत.

शाळा सुटली तरी भावजी सुटत नसत. भावजींच्या कोरगावातल्या एका देवळाच्या सभामंडपाबाहेर इंग्रजीत फलक लावायचं ठरलं, कारण तेव्हा गोरे पाहुणे देवळात बुटांसकट येऊ लागले होते. म्हापशाहून पेंटर आला. त्याने लिहिलं, 'फुटवेअर मस्ट नीटली बी केप्ट आउटसाइड'. भावजी तिथून पिशवीतले पाव घेऊन घरी चालले होते, ते थबकलेच.

"हे 'नीटली' इथे कुणी घातलं?"

"मियां घातलां," पेंटर शिडीवरून म्हणाला. "सर, वयर जागो उरलेलो."

"अहो, जागा पत्र्यावर बघायची नसते, वाक्यात बघायची असते!"

"तुमी वाक्यात बघा. माका पत्र्यारच रंगवूचा आसा."

भावजींनी पाव कठड्यावर ठेवले, त्याला खाली उतरवला, शेंदरी खडूने जमिनीवर सगळं वाक्य मांडून दाखवलं आणि फलक पुसून पुन्हा लिहून घेतला. तोवर पाव गाईने खाल्ले. नव्या फलकाचा पाहुण्यांवर परिणाम असा झाला, की ते त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत आणि बुटांसकट आत जात. भावजींना त्याचं काही नव्हतं. वाक्य बरोबर होतं.

माझी बहीण, बाय, मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिचं इंग्रजी म्हणजे नवऱ्याच्या तोंडून कानावर पडलेलं तेवढंच. भावजी वह्या तपासताना समोर आमटी निवत असली, की ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "तुमचां तां केअरफुली खंयय बसांदे, पयली तुमी जेवक बसा!" भावजी हसत उठायचे. तिच्यापुढे त्यांचं व्याकरण चालत नसे, आणि ते चालवण्याची त्यांना इच्छाही नसे.

एका वर्षी गणेशचवथीच्या आधी बायच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. तिला म्हापशाच्या एका इस्पितळात नेलं आणि ऑपरेशन झालं. मी डिचोलीहून रजा काढून आलो. आठवडाभराने डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. डॉक्टर तरुण होता, गर्दीने वैतागलेला. खाटा कमी आणि माणसं व्हरांड्यात झोपलेली. मान वर न करता तो इंग्रजीत म्हणाला, "शी कॅन बी टेकन होम."

मला बरं वाटलं. मी उठलो. भावजी बसूनच होते.

"सेफली?" त्यांनी विचारलं.

"आय सेड, शी कॅन बी टेकन होम," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर मी टॅक्सी बघायला निघालो, तर भावजींनी माझं मनगट धरलं. "थांब जरा. 'कॅन बी सेफली टेकन होम' म्हणजे नेण्यात धोका नाही. 'कॅन बी टेकन होम सेफली' म्हणजे वाटेत सांभाळून न्या. या दोन्हींतलं त्याने एकही म्हटलं नाही."

"भावजी, हा काय वर्ग आहे?" मी चिडलो. "बाय कंटाळलीय तिथे. चला."

पण ते वळून पुन्हा आत शिरले. लाजेने अर्धा होऊन मीही मागोमाग गेलो.

"डॉक्टर," भावजी टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "तुमच्या वाक्यात 'सेफली' कुठे येईल? 'बी'च्या नंतर की शेवटी?"

नर्स फिसकन हसली. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मास्तर, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"तो एक शब्द. तो तुम्ही म्हणा, कुठेही घालून म्हणा. मी तिला लगेच नेतो."

कुठेही घालून! हे भावजींच्या तोंडून ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी विरला. डॉक्टरने बोलायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. त्याने बायचे कागद पुन्हा ओढून घेतले, ताप लिहिलेल्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि उठून थेट तिच्या खाटेकडे गेला. पोटावर उजवीकडे त्याने जरासं दाबलं, तशी बाय कळवळली.

"हें कवासून दुखता?" आता डॉक्टर कोकणीत बोलत होता.

"कालसून. म्हटलां, घरा गेल्यार बरां जायत."

आत पू झाला होता. संध्याकाळच्या आत तिला पुन्हा ऑपरेशनला घेतलं. त्या रात्री घरी असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरने आम्हाला स्वतःच सांगितलं, मराठीत, आणि खालच्या मानेने. भावजी त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट निघायच्या दिवशी नार्व्याच्या मित्राने पाठवलेल्या नारळांतले दोन त्याला देऊन आले.

बाय त्यानंतर बरीच वर्षं छान जगली. शेजारणींना ही गोष्ट सांगताना ती शेवटी म्हणायची, "इतकी वर्सां माका वाटलां, ह्येंचां इंग्लीश कोणाच्या कामाचां न्हय. मगे माझ्याच कामाक इलां." आणि तोंडाला पदर लावून हसायची.

दोन वर्षांपूर्वी बाय गेली, काही फार दुखणं न काढता. भावजी आता कोरगावच्या घरात एकटे असतात. मी अजूनही रविवारी जातो. आम्ही दोघे सोप्यावर बसून चहा पितो. समोर काजूची झाडं आहेत, मधूनच रस्त्यावरून एखादी मोटरसायकल जाते. परवा सहज विषय निघाला म्हणून मी विचारलं, "भावजी, त्या दिवशी तुम्हाला त्या एका वाक्यावरून कसं कळलं हो, की तिचं काहीतरी बिघडलंय?"

भावजींनी कपातला उरलेला चहा संपवला.

"कळलं कुठे रे?" ते म्हणाले. "मला भीती वाटत होती. डॉक्टरला काय विचारायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मला तेवढंच एक विचारता येत होतं."

त्यांनी माझा रिकामा कप आपल्या कपात ठेवला आणि दोन्ही घेऊन ते आत विसळायला गेले.