दिवा लावून सिनेमा

माझ्या पोरानं वरची खोली काळी रंगवली तेव्हा मी घरी नव्हते, रामटेकला बहिणीकडे गेले होते. परत येऊन पाहते तर चारही भिंती कोळशासारख्या. "हे काय करून ठेवलं रे बाप्पा?" तर म्हणतो, "आई, होम थिएटर. अंधार जितका गच्च, तितकं चित्र भारी!" दिवसभर मिहानमधल्या कंपनीत कंप्युटरसमोर बसणारा माणूस घरी येऊन आणखी एक पडदा लावणार, याचं मला नवल नव्हतं. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. या खोलीत अंधार करून बसलो तर माझ्या सुनेनं काय करायचं, हे त्याच्या टाळक्यात आलंच नव्हतं.

माझी सून ऐकत नाही. म्हणजे माझं ऐकते, मी तिचं ऐकते त्याहून जास्तच. पण तिला कानानं ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले. तोवर ती घडाघडा बोलायला शिकली होती, त्यामुळे बोलते छान, आवाज जरा सपाट, एवढंच. समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं वाचते. आमचं नागपुरी तर इतकं पटकन, की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंही तिच्यापासून लपत नाही. पुण्याचे पाहुणे आले की मात्र तिला सवय व्हायला जरा वेळ लागतो. काय बाई आहे! मला तर चष्मा लावूनही माणसं कळत नाहीत.

पण ओठ दिसायला उजेड लागतो. थेटरात दिवे गेले की ती आमच्यातून उठून गेल्यासारखी होते. पडद्यावर खाली अक्षरं येतात ती वाचते, पण आम्ही शेजारी बसून कशाला हसलो, मी व्हिलनला काय शिव्या घातल्या, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत असते. आता तोच अंधार घरात येणार होता, तोही कायमचा.

मी पोराला झापायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "आई, तुम्ही नका बोलू. प्रोजेक्टरचं मशीन निवडाले मी येते न सोबत."

"अन् तो तुझं ऐकन काय?"

"पाहा तर खरं तुम्ही."

रविवारी आम्ही तिघं धरमपेठेतल्या एका दुकानात गेलो. आत एक छोटी खोली होती, पडदे ओढलेली. दुकानदारानं दार लावून दिवे घालवले आणि पोराच्या मनात भरलेला प्रोजेक्टर सुरू केला. खोटं कशाला बोलू, चित्र देखणं होतं. रात्रीचं जंगल दाखवत होते, त्यातलं पानन् पान दिसत होतं. पोरगा तर हरखलाच. बायकोकडे वळून सांगत सुटला, हे बघ, ते बघ, काळा रंग किती खोल आहे बघ.

तिनं शांतपणे पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि थेट त्याच्या तोंडावर धरला.

"हं. आता बोल."

तो डोळे मिचकावत बसला. मला हसू आवरेना. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "अरे यार," एवढंच म्हणाला तो. मी घरी तासभर तोंड वाजवून जे झालं नसतं ते हिनं एका बटणात केलं.

"दादा, दिवे लावा," तिनं दुकानदाराला सांगितलं.

"मॅडम, अंधेरेमेच तो मजा है."

"मजा मले पण पाहिजे न."

दिवे लागले आणि ते देखणं जंगल पार धुतल्या साडीसारखं फिकं पडलं. मग दुकानदार उजेडातही दिसणारी, जास्त प्रखर मशीनं काढायला लागला. आणि माझ्या सुनेची परीक्षा घेण्याची पद्धत काय सांगू! आमचा सोफा पडद्यापासून जितका लांब येणार तितक्या लांब तिनं खुर्ची सरकवली. गाणी नकोत म्हणाली, मारामारी नको. बातम्या देणारी बाई लावा, आणि आवाज बंद. त्या बाईच्या तोंडाकडे पाहत ती बातम्या मोठ्यानं सांगायला लागली. बाहेरची गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली.

एका मशीनवर ती मध्येच अडली. "हिचे ओठ पुसल्यासारखे होऊन राहिले." दुकानदारानं मेनू उघडून पाहिला. चित्र हलताना गुळगुळीत दिसावं म्हणून मशीन आपल्या मनानं काहीतरी भर घालत होतं. ते त्यानं बंद केलं, आणि हिच्या बातम्या पुन्हा धडाधड सुरू.

"हाच घ्यायचा."

पोरगा अजून थोडा अडून होता. "पण यात काळा रंग करडा दिसून राहिला वं."

"काळ्या रंगाचं काय करतो? तो काय बोलते थोडीच!"

दुकानदारसुद्धा हसला. घेतला तोच.

काळ्या भिंती काळ्याच राहिल्या. पडद्यावर उलटा उजेड पडत नाही त्यांच्यामुळे, म्हणून चित्र चांगलं दिसतं, असं पोरगा सांगतो. आपली लाज राखायला सांगत असेल. दिवा कुठे लावायचा ते सुनेनं ठरवलं: पडद्यावर न येता आमच्या तोंडांवर पडेल असा. दुपारी चहा घेऊन आम्ही बसलो आणि पहिलं काय लावायचं यावर वाद झाला. शेवटी पोरानं लावली त्या दोघांच्या लग्नाची शूटिंग.

आमच्याकडे लग्नाची शूटिंग म्हणजे वरून सिनेमाची गाणी चिकटवलेली. कोण काय बोललं, एक शब्द ऐकू येत नाही. स्टेजवर पाहुण्यांची रांग लागलेली, आणि मध्येच आमचे हे, पोराचे वडील, तरातरा कॅमेऱ्याकडे येतात, हात उडवत शूटिंगवाल्याला काहीतरी बोलतात. यांना जाऊन बरीच वर्षं झाली. जिभेचे तिखट होते. त्यामुळे हा तुकडा आला की आम्ही नेहमी हसायचो: लग्नातसुद्धा भांडले बघा! घरच्या टीव्हीवर त्यांचं तोंड एवढंस्सं दिसायचं. आज ते भिंतभर आले. मी सवयीनं हसले.

सून हसली नाही. ती सोफ्याच्या कडेवर आली होती.

"आई, बाबा भांडून नाही राहिले."

"मग काय म्हणते वं तो माणूस?"

तिनं पोराला मागे घ्यायला सांगितलं. हे पुन्हा स्टेजवरून तरातरा आले. त्यांच्या ओठांबरोबर ती बोलत गेली, आपल्या सपाट आवाजात: "लाइट पोरीच्या डोळ्यात काहून मारता जी? समोरच्याईच्या तोंडावर मारा. माझ्या सुनेले त्याईचं बोलणं दिसलं पाहिजे."

पडद्यावर गाणं जोरात चाललं होतं. माझ्या पोरानं रिमोट उचलला. मला वाटलं, बंद करतो. त्यानं फक्त आवाज बंद केला आणि चित्र पुन्हा मागे नेलं.

हे पुन्हा आले, हात उडवत, मिशीखालचे ओठ हलवत. पहिल्यांदा मला काही कळलं नाही. "पुन्हा लाव," मी म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही. सून माझ्याकडे वळून बसली आणि तिनं स्वतःच्या ओठांवर एकेक शब्द सावकाश करून दाखवला, आवाज न करता. मग पुन्हा लावलं.

"माझ्या सुनेले," ते म्हणाले. मला स्पष्ट दिसलं.