टीचर एव्हारिस्तोची साखळी

एव्हारिस्तो मेन्हिवार विमानातून उतरला तेव्हा त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. अमेरिका माणसाला हाकलते तेव्हा आधी त्याच्या नाड्या आणि पट्टा काढून घेते, मग माणूस स्वतःच्याच देशात पाय फरफटत शिरतो. परत पाठवलेल्यांची आमची एक समिती आहे, आमच्या सोयापांगो शहरात. ती मी चालवते, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. विमानतळावर नाड्या वाटणं हे माझं पहिलं काम. बहुतेक जण नाडी हातात घेऊन रडतात. यानं ती ओवली, गाठ मारली आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "इथं उकडतं ते कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत," मी म्हटलं.

चार वर्षांचा असताना आईच्या कडेवर गेला होता, परत आला तो केस पिकल्यावर. इथं त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, त्याची मावशी निन्या चोन; थोरल्या बाईला आम्ही मानानं निन्या म्हणतो. तिची पुपुसांची, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांची, भट्टी होती. त्याच्या मानेवर आईचं नाव गोंदलेलं होतं, पण आमच्या गल्लीत अक्षरं कोण वाचतंय? लोक शाई बघायचे आणि टोळीवाला समजून रस्ता बदलायचे. म्हणून हा पठ्ठ्या एप्रिलच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावून वर टाय बांधायचा.

पोट भरायला एकच चीज होती त्याच्याकडे, इंग्रजी. शहरात फोनवर अमेरिकी गिऱ्हाइकांची बोलणी खाण्याच्या नोकऱ्या निघाल्या होत्या आणि आमची पोरं त्यांच्यावर तुटून पडत होती. तोंडी परीक्षेत मात्र धडाधड नापास. का, तर तुकडे बोलायची. मी राहते सोयापांगो. मला आई. मला काम पाहिजे. एव्हारिस्तो म्हणायचा, "शब्द सगळे आहेत रे तुमच्याकडे, सांधे नाहीत. हाडं पोत्यात भरून आणलीत नुसती."

भट्टीच्या वरच्या खोलीत त्यानं वर्ग सुरू केला. अँड, बट, ऑर, सो. बस्स, एवढंच शिकवायचा. पुस्तक नाही, फळा नाही. त्याची रीत होती साखळी. तो पोराच्या आयुष्यातलं एक वाक्य उचलायचा, त्याच्या शेवटी जोडशब्द लटकवायचा आणि थांबायचा. पुढचं पोरानं जोडायचं. जोडलं की पुढची कडी. नियम दोन: साखळी तोडायची नाही आणि खोटं बोलायचं नाही. "खोटं बोलणारा अडखळतो, आणि फोनवर अडखळलात की मेलात."

तोडली तर धुराची खिडकी. निन्या चोनच्या भट्टीचा धूर बरोबर त्या खिडकीतून वर यायचा. तोडणाऱ्यानं तिथं उभं राहायचं, डोळे चोळायचे नाहीत, आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटत अडलेला शब्द ओरडायचा, पुढचं सापडेपर्यंत.

पहिल्या दिवशी तो स्वतःचीच साखळी सांगायचा. गालिचे बसवायचो, अँड आईला सांभाळायचो, बट दारूत एका माणसाचं डोकं फोडलं, सो तुरुंगात गेलो, सो त्यांनी मला हाकललं. लाज नाही, पाणी नाही डोळ्यात. पोरं गार व्हायची. मग म्हणायचा, "मी नागडा झालो. आता तुम्ही."

झुल्मा तेव्हा सतरा-अठराची असेल. अबोल, पण डोक्यानं तेज. एके दुपारी मी समितीची पत्रकं द्यायला वर गेले तर तिची साखळी चाललेली.

"झुल्माचा बाप पितो, अँड…"

"अँड मारतो."

"अँड…"

"अँड आई काही बोलत नाही."

"बट…"

पोरगी थांबली. तिच्या घरात 'बट' नव्हताच, कुठून आणणार?

"खिडकी," एव्हारिस्तो म्हणाला.

ती धुरात उभी राहिली. "बट? बट?" सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. त्यात बाल्मोरे नावाचं एक वात्रट कार्टं होतं, ते म्हणालं, "टीचर, हिच्या बापालाच बोलवा, तो काढेल हिच्याकडून!" सगळे हसले. मी एव्हारिस्तोला म्हटलं, "अरे, माणूस आहेस की कसाई?" तर मला म्हणतो, "निन्या तोया, परीक्षेत विचारतात, आयुष्यातला वाईट दिवस सांगा. तिथं तुम्ही असणार आहात का हिच्या शेजारी?"

बऱ्याच वेळानं झुल्मा खोकत म्हणाली, "बट मी इंग्रजी शिकतेय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एव्हारिस्तोनं हात वर करून तो थांबवला. "उच्चार चुकला. परत."

झुल्मा पास झाली. त्याची बहुतेक पोरं पास व्हायची, हे मी नाकारत नाही. तिला फोनच्या एका कंपनीनं घेतलं आणि थोड्याच वर्षांत ती तिथंच नव्या पोरांना निवडणारी साहेबीण झाली.

पुढे कंपनीला शिकवायला माणूस हवा होता. कायमची नोकरी, विम्याचं कार्ड, गार खोली. एव्हारिस्तोला दम्याची धाप लागायला लागली होती. तो धूर त्याच्याही छातीत जातच होता की! ही नोकरी म्हणजे त्याला देशानं दिलेलं पहिलं दार होतं. मी तिथल्या लोकांशी भांडून त्याला आत बोलवायला लावलं. अडचण एकच, तुरुंगात गेलेला माणूस कंपनी घेत नसे.

मी त्याला बजावलं, "विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

"तर खोटं बोल. तू बिशप आहेस का?"

तो टायची गाठ घट्ट करत राहिला.

नमुना वर्ग म्हणून मागच्या खुर्च्यांवर त्या दिवशी परीक्षेला आलेली पोरं बसवली होती. सगळी त्याचीच. बाल्मोरेही होता, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा आलेला. पुढे झुल्मा आणि तिचा वरचा साहेब. भिंतीला टेकून मी. मला बाहेर बसवायची कोणाची छाती झाली नाही.

"टीचर, तुमची साखळी दाखवा ना," झुल्मा गोड आवाजात म्हणाली.

तो खुलला. पोरांकडे वळला.

"त्यांची नको. तुमची. मी सुरू करते. एव्हारिस्तो गालिचे बसवायचा, अँड…"

मला तेव्हाच कळलं. त्यालाही कळलं.

"अँड आईला सांभाळायचा," तो म्हणाला.

"बट…"

गार खोलीत त्याच्या कॉलरला घामाचा डाग धरला. मागची पोरं ताठ बसली. त्यातल्या प्रत्येकाला पुढची कडी तोंडपाठ होती.

मी ओरडले, "ही मुलाखत आहे की पोलीस चौकी?"

"निन्या तोया, बाहेर जा, ऑर गप्प बसा," झुल्मानं मान न वळवता म्हटलं. "टीचर? बट?"

एक खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? बट गरिबी आली. बट आई वारली. काहीही. पण ज्यांना धुरात उभं करून खरं बोलायला लावलं ती पोरं मागे बसली होती आणि हा गाढव त्यांचा टीचर होता.

"बट दारूत एका माणसाचं डोकं फोडलं, सो तुरुंगात गेलो, सो त्यांनी मला हाकललं." न अडखळता, काचेसारखं स्वच्छ.

साहेबानं पेनाला टोपण लावलं.

"इंग्रजी उत्तम आहे, सो…" झुल्मानं वाक्य लटकवलं आणि थांबली.

"सो मी निघतो."

"उच्चार बरोबर," ती म्हणाली.

बाल्मोरे त्या दिवशी पास झाला.

मी झुल्माला जिन्यात गाठलं. "सूड घेतलास ना?"

"नाही हो. त्यांना मी खिडकीत उभं केलं नाही. त्यांच्यासाठी टाळ्या पिटल्या नाहीत." तिनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मी त्यांच्यापेक्षा बरी आहे." मला शिवी सुचली, पण तिचे डोळे लाल झालेले होते, खिडकीत झाले होते तसेच, आणि ती ते चोळत नव्हती.

पुढच्या सोमवारी वरच्या खोलीत नवी भरती आली, जुनी नापास पोरंही होतीच. एव्हारिस्तोनं टाय बांधला होता. रिवाजाप्रमाणे स्वतःची साखळी सुरू केली: गालिचे, आई, डोकं, तुरुंग, विमान. मग पुढे गेला. "अँड मी इथं शिकवायला लागलो, अँड माझ्याच विद्यार्थिनीनं मला दारातून परत पाठवलं, बट…"

थांबला. आम्ही वाट पाहिली. खालून पीठ थापल्याचे आवाज येत होते.

त्याला काही सापडलं नाही. त्यानं खुर्ची मागे सारली, चालत खिडकीपाशी गेला आणि धुराकडे तोंड करून उभा राहिला. खोकल्यानं त्याची पाठ हलत होती.

"बस कर आता, मूर्खा!" मी म्हटलं.

पण जुन्या पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवली होती. मग दुसरी. नव्यांना वाटलं हा खेळच आहे, त्यांनीही धरला ताल.

"बट? बट? बट?"