घंटीचं ठिगळ

घंटी हे तिचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तीच इकडेतिकडे बघायची, की कुणाला बोलावताहेत. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींचे फोन घंटी घेते. तिने वर "बोला" म्हटलं की खाली तळघरात, माझ्या स्टोअरमध्ये मला ऐकू येतं. घरी वडील ठार बहिरे आणि कानाला यंत्र लावून घ्यायला तयार नाहीत, म्हणून आवाज तसाच चढा झाला. नवऱ्याशी फार दिवस टिकलं नाही. तो म्हणायचा ही सारखी ओरडते. ती म्हणते, मी ओरडत नव्हते, सांगत होते.

मी स्टोअर सांभाळते. रोप म्हणजे लिफ्टचे पोलादी दोर, बेअरिंगा, दरवाजांचे सेन्सर, बटणं, सगळं माझ्या ताब्यात. माझे धाकटे दीर इथेच मेकॅनिक आहेत, त्यांनीच मला इथे चिकटवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणाच्या बाजूने बोलतेय ते शोधत बसायला नको.

पूर्वी काय चालायचं ते ऐका. लिफ्टमध्ये माणूस अडकला की घंटीला फोन यायचा. मग ती एकेका मेकॅनिकला फोन लावून विचारायची, बाबा रे, कुठे आहेस? एक उचलायचा नाही, दुसरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसरा पोचायचा तर त्याच्याकडे लागणारी वस्तू नसायची आणि तो परत माझ्या खिडकीशी येऊन उभा. यावर उपाय म्हणून मालकांनी एका बड्या कंपनीला मोठी सिस्टीम करायला दिली होती. ती माणसं यायची, हॉलमध्ये बसायची, बिस्किटं संपवायची, पुढची तारीख देऊन जायची. इतक्या मीटिंगांनंतर काय आलं? पासवर्ड विचारणारं एक पान. पासवर्ड टाकला की आत काही नाही.

एका दुपारी एक म्हातारी बाई लिफ्टमध्ये एकटी अडकली. लांबून मेकॅनिक पोचेपर्यंत तिला भोवळ आली. नंतर कळलं, आमचा एक जण तेव्हा मागच्याच गल्लीत काम आटपून चहा पीत होता. म्हातारीच्या मुलाने फोनवर घंटीला वाट्टेल ते सुनावलं. घंटीने ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि टेबलावर असा हात आपटला की तिच्या डब्याचं झाकण उडून खाली पडलं.

ही बाई जे शिकली ते चिडूनच शिकली. तीच तक्रार तीन ठिकाणी टाइप करायला लावली, तेव्हा वैतागून फुकटचे व्हिडिओ बघत कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायला शिकली. या वेळी तिने इंटरनेटवरचा आयता नकाशा घेतला. त्यात स्वतःच्या तक्रारींचा तक्ता जोडला, कंपनीने दिलेले फोन कुठे आहेत ते जोडलं, माझ्या स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे तेही जोडलं. काहीच नवं नाही, सगळं आधीपासून पडून होतं, फक्त एकमेकांना ओळखत नव्हतं. दोन-तीन दुपारींत पान तयार. कोण कुठे अडकलंय, जवळ कोण आहे, आणि लागणारी वस्तू खाली आहे की नाही, सगळं एका नजरेत. तिने त्याला नाव दिलं ठिगळ.

आणि ठिगळ चाललं. तक्रार आली की जवळचाच माणूस जायचा. निघण्याआधी त्याला कळायचं की सेन्सर घेऊन जायचाय. माझ्या खिडकीशी उगाच होणारी गर्दी थांबली. सोडून जातो म्हणणारी दोन गिऱ्हाइकं राहिली. मालक खूश, कारण फुकटात झालं. मॅनेजर आधी नाक मुरडत होते, असल्या जोडजाडीला कंपनीत जागा नाही म्हणत होते. मालक खूश आहेत म्हटल्यावर तेच पाहुण्यांना सांगायला लागले की कल्पना आमची. आयत्या बिळावर नागोबा!

एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण मॅनेजरना सुचलं भलतंच. घंटी जेवत होती तेव्हा हे तिच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, ज्या मेकॅनिकचा ठिपका नकाशावर अर्धा तास हलत नाही तो लाल दिसायला हवा, म्हणजे कोण काम करतंय आणि कोण झोपतंय ते कळेल. घंटीने पोळीचा घास तोंडात असतानाच ते करून दिलं. दोन ओळींचं तर काम होतं.

आता मला सांगा, लिफ्टचा मेकॅनिक हलतो कुठे? तो वर जातो आणि खाली येतो. नकाशाला वर-खाली कळत नाही. आणि लिफ्ट बंद म्हणूनच तर तो आलेला असतो, मग गच्चीवरच्या मशीनरूमपासून तळाच्या खड्ड्यापर्यंत जिन्याने चढउतार करायची, तीही अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून. नकाशावर मात्र तो जागेवरच. जन्म लिफ्टच्या धंद्यात काढलेल्या माणसांना हे सुचू नये? मॅनेजरना नाही सुचलं, घंटीला नाही सुचलं, त्या पानाकडे बघणाऱ्या एकालाही नाही.

भावजींकडे नेहमी मोठी कामं. त्या आठवड्यात एका उंच इमारतीत रोप बदलायला घेतले होते. सकाळी जायचे, अंधार पडता यायचे. ठिपका दिवसभर लाल. मॅनेजरनी बोलावलं, कामावर झोपता का विचारलं, आणि काढून टाकलं. कंपनीचा फोन तिथल्या तिथे काढून घेतला. भावजी मुळात कमी बोलणारे. घरी आले, पिशवी दाराशी ठेवली, आणि मला म्हणाले,

"वहिनी, मी दिवसभर जिने चढत होतो."

एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे मिस्टर म्हणाले, सबुरीने घे, तुझीही नोकरी तिथेच आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही घ्या सबुरीने, तुम्ही कुठे तिथे कामाला आहात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी घंटीकडे गेले. सगळ्यांच्या देखत तिला सांगितलं की तुझ्या त्या ठिगळाने माझ्या दिराची भाकरी घेतली, आणि तू ते जेवता जेवता केलंस. बोलले ते बोलले, मला त्याचं आजही काही वाटत नाही. ती उठली आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. दार बंद होतं, तरी आम्हाला सगळं ऐकू आलं. म्हणजे तिचं सगळं. मॅनेजर काय म्हणाले ते तिने बाहेर येऊन सांगितलं. म्हणाले, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. ती म्हणाली, कॉम्प्युटर काही बोलतच नाही, त्यात मी लिहिलेलं बोलतं आणि मी चुकीचं लिहिलंय. ते म्हणाले, एकाला परत घेतलं तर उद्या सगळेच लाल होऊन बसतील.

त्यानंतर घंटी दिवसभर फोनखेरीज कॉम्प्युटरमध्येच डोकं घालून बसली. ऑफिस इतकं शांत झालं की मी दोनदा वर जाऊन बघून आले.

पुढे काही दिवसांनी मालकांनी एका हॉस्पिटलच्या व्यवस्थापक बाईंना बोलावलं. त्यांच्या सगळ्या इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे याव्यात म्हणून खटपट चालू होती. हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर ठिगळ लावलं. एका जड खोक्याची पोच घ्यायला मी वर आले होते, ती दाराशीच थांबले. मॅनेजर हातात काठी घेऊन समजावत होते, हा आमचा नियम, जो हलत नाही तो लाल. आणि सगळ्यांना दिसलं की शहरभर दोन-चार लाल ठिपके आहेत, पण आमच्या स्वतःच्या इमारतीवर लालच लाल ढीग पडलाय. बाईंनी विचारलं, हे कोण? मॅनेजर म्हणाले काहीतरी बिघाड दिसतो, आणि काठी ठेवून माउसचा बाण तिथे नेला. पहिलं नाव त्यांचंच उमटलं. सकाळपासून एका जागी. त्याखाली अकाउंट्सची माणसं. त्याखाली मालक.

ऑफिसातल्यांचे फोनही कंपनीचेच. आतापर्यंत पानावर फक्त मेकॅनिक दिसत होते, घंटीने ती आडकाठी काढून टाकली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे तिने बंद केलं, बस.

"हा हिरवा कोण?" बाईंनी विचारलं. आमच्या इमारतीभोवती एकच हिरवा ठिपका जोरात फिरत होता.

"मालकांचा ड्रायव्हर," घंटी मागून म्हणाली. "गाडी लावायला जागा शोधतोय. नियमाप्रमाणे आत्ता कंपनीत तो एकटाच काम करतोय."

बाई हसल्या नाहीत. त्या मालकांना म्हणाल्या की तुमचा माणूस हलतो की बसतो याच्याशी मला काय करायचंय, माझी कुठली लिफ्ट बंद आहे आणि कधीपासून, ते या पानावर दिसत असेल तर मी कंत्राटाचं बोलते.

त्या गेल्यावर मालकांनी घंटीला फैलावर घेतलं. चारचौघांत अब्रू काढलीस म्हणाले. घंटी म्हणाली, काढायची तर मलाही काढा, पण आधी त्या बाईंना हवं ते करून देते. आणि संध्याकाळच्या आत दिलं. आता माणूस लाल नाही. बंद पडलेली लिफ्ट लाल. सगळ्यात जास्त दिवस बंद असलेली सगळ्यात वर, आणि तिच्यापुढे तिच्या मेकॅनिकचं नाव.

दुसऱ्या दिवशी मालक हॉलमधून जाताना पडद्यापुढे थबकले. सगळ्यात वर भावजींची ती उंच इमारत. रोप अर्धवट, लिफ्ट तशीच बंद, आणि पुढे लिहिलेलं, मेकॅनिक कोणी नाही. त्यांनी मॅनेजरना बोलावून विचारलं. मॅनेजर म्हणाले, होता, पण काढला, एकाच जागी असायचा. मालकांनी विचारलं कुठे. मॅनेजर म्हणाले, त्याच इमारतीत.

"मग कुठे असायला हवा होता?" मालक म्हणाले.

घंटीने हे मला खाली येऊन तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचे डोळे भरून आले होते, आणि मी तिला बसायला स्टूल दिलं.

मग मॅनेजर माझ्या खिडकीशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तळघरात उतरले असतील. दिरांचा नंबर हवा होता. मी म्हटलं, त्यांच्याकडे एकच फोन होता, तो तुम्ही काढून घेतलात. निरोप सांगाल का म्हणाले. मी म्हटलं, काढताना तुम्ही तोंडाने काढलंत, आता बोलावणंही तोंडानेच करा. आणि पत्ता दिला.

संध्याकाळी मी मुद्दाम लवकर घरी गेले. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात मॅनेजरचे बूट वाजत होते, मग थांबायचे, मग पुन्हा वाजायचे. दारात आले तेव्हा घामाने निथळत होते, एक हात भिंतीला. मी पाणी द्यायला उठले नाही, खोटं कशाला सांगू. भावजी उठले. त्यांनीच तांब्या-भांडं आणलं, खुर्ची पुढे केली.

"बसा साहेब," ते म्हणाले. "पाच मजले चढून आलात. नकाशावर तुम्ही अजून खालीच आहात."

मॅनेजर मान खाली घालून पाणी प्यायले. भावजींनी दाराशी पडलेली अवजारांची पिशवी जवळ ओढली आणि मला विचारलं की रोप बांधायच्या क्लिपा स्टोअरमध्ये आहेत का. मी म्हटलं, आहेत.